खवल्यांचा मासा

कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्राएलांची, ओळख माशांवरून पटली, असं त्यांची परंपरा सांगते. दावीद राहाबी नावाच्या पाहुण्यानं बायकांपुढं निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढेच निवडून रांधले. ज्यू धर्माचा नियम नेमका हाच! म्हणून बेने इस्राएलांच्या सणाच्या पानात कोळंबी, खेकडा, मुशी नाही. किती सुंदर गोष्ट आहे पाहा, धर्म जपला तो चुलीपाशी.

आपल्या गावापासून समुद्र लांब. पण तळ्या-धरणांतले रोहू, कटला, मृगळ खवल्यांचेच, या नियमात चोख बसणारे. मागूर मात्र बिनखवल्याचा, तो बाद.

खवले पाहून झाले, आता मासा घेताना पाहायचा तो ताजेपणा. डोळे फुगीर, चकचकीत हवेत. पांढुरके, खोल गेलेले नकोत. कल्ला लालभडक हवा. अंगावर बोट दाबलं की खळगा लगेच भरून यावा. वास पाण्याचा यावा, आंबूस नको. तुकडे केलेल्या माशात यातलं निम्मं दिसतच नाही. म्हणून सण कोणताही असो, मासा अख्खा घ्या, कल्ला उचलून बघा आणि मगच कापायला सांगा.