न्हावा शेवा ते रेडी : आधी हिशेब, मग प्रवास
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीने सहल काढायची आणि ती बसने न काढता आपापल्या गाड्यांतून, किनाऱ्याकिनाऱ्याने थेट रेडीपर्यंत न्यायची, असा विचार पुढे आला आहे. इंधनाचं बजेट कसं करायचं ते मी सांगावं, असं कार्यकारिणीने सुचवलं. कारण उघड आहे. नोकरीची सगळी वर्षं मी बंदरातून कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरच्या डिझेलचा हिशेब लिहिण्यात घालवली. तेव्हा आज निसर्गवर्णन कमी आणि आकडे जास्त, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला प्रश्न असा की, किनाऱ्यानेच का जायचं? पळस्प्याहून मुंबई-गोवा महामार्ग धरला की एका दिवसात सावंतवाडी गाठता येते. पण महामार्गावरून समुद्र दिसत नाही. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे 1980 च्या सुमाराला पुढे आली. रस्ता तुकड्यातुकड्याने झाला, पण मोठ्या खाड्यांवर पूल झाले नाहीत. म्हणून आजही या वाटेवर चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. राजपुरीच्या खाडीत आगरदांडा ते दिघी, सावित्रीवर बागमांडला ते वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. आता मोठे पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे. पूल झाले की वेळ वाचेल, डिझेल वाचेल, आजारी माणूस लवकर दवाखान्यात पोचेल. ते व्हायलाच हवेत.

पण पूल झाला की काय होतं, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे? 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला आणि 21.8 किलोमीटरमध्ये शिवडी आपल्या दारात आली. सोय मोठी झाली. खाडी मात्र आता खिडकीतून मागे पळताना दिसते. त्याच्याही आधी, 1989 मध्ये बंदर सुरू झालं. न्हावा आणि शेवा ही दोन गावांची नावं जगभरच्या कंटेनरांच्या कागदांवर गेली, आणि शेव्याच्या जुन्या कोळीवाड्याला उठून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात जावं लागलं. आपल्या मुलांनी तो जुना किनारा पाहिलेला नाही, आणि आता दाखवू म्हटलं तरी दाखवता येणार नाही. खालचा किनारा अजून होडीच्या चालीने पाहता येतो. म्हणून म्हणतो, पुढच्या वर्षी बघू असं नको. पाऊस सरला की निघू.

आता वाट. करंजा ते रेवस लाँच माणसांना पलीकडे नेते, पण चारचाकीचं गणित पेण-वडखळ-अलिबाग या वळशाचंच धरा. पुढे रेवदंडा, काशीद, मुरूड हा पहिला मुक्काम. मग दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन. तिसरा दिवस केळशी, आंजर्ले, हर्णै. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि समोर सुवर्णदुर्ग. मग दाभोळहून गुहागर, वाटेत हेदवी, पलीकडे जयगड. मालगुंडला केशवसुतांचं जन्मगाव, गणपतीपुळे, आणि तिथून आरे-वारेचा रस्ता रत्नागिरीपर्यंत. त्यापुढे पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगा. 1930 साली आपल्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला, त्याच वर्षी शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. म्हणजे या रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकाच वर्षाचा इतिहास आहे.

आठ मुक्काम आणि नववा दिवस परतीचा. रोज साधारण 75 ते 100 किलोमीटर. ऐकायला थोडं वाटतं, पण वळणं, गावातले अरुंद रस्ते आणि बोटीची वाट पाहणं धरलं तर तेवढंच पुरतं. फेरीबोटीची शेवटची फेरी किती वाजता, हे त्या दिवशी सकाळी फोन करून विचारायचं. शेवटची बोट चुकली तर इंधनाचं सगळं बजेट एका रात्रीत कोलमडतं.

आता मुख्य विषय. बहुतेक जण हिशेब असा करतात : जाऊन येऊन 1,100 किलोमीटर, कंपनी म्हणते गाडी लिटरला 20 देते, म्हणजे 55 लिटर. पेट्रोल सोयीसाठी 105 रुपये धरलं तर 5,775 रुपये. झालं बजेट! हा आकडा कागदावर छान दिसतो, पण रस्त्यावर टिकत नाही.

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. आपल्या गाडीत चार माणसं, डिकीत सामान, वर एसी आणि रस्ता चढउताराचा. ट्रेलरवाले काय करतात ते करा. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबायचं आणि मीटरचा आकडा लिहायचा. दोन-तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरायची. किलोमीटर भागिले लिटर, हे तुमच्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज. एकदा मोकळ्या हायवेवर आणि एकदा माणसं भरून घाटात, असं दोनदा मोजा. दोन आकड्यांतला फरक पाहून चकित व्हाल.

समजा, एका छोट्या गाडीचं किनारपट्टीवर 12 आणि हायवेवर 16 आलं. जाताना किनाऱ्याचे 600 किलोमीटर. त्यात मुक्कामाच्या गावात फिरणं, देवळाला जाणं, हॉटेल शोधणं यांचे 150 मिळवा. हे 150 कोणीच धरत नाही. एकूण 750 भागिले 12, म्हणजे साडेबासष्ट लिटर. परतीचे हायवेने 500 भागिले 16, म्हणजे सव्वाएकतीस. बेरीज जवळजवळ 94 लिटर. 105 च्या भावाने 9,870 रुपये. त्यावर दहा टक्के राखीव. आपल्याला सिंकिंग फंड ठाऊक आहेच. हा प्रवासाचा सिंकिंग फंड. म्हणजे एका गाडीला 11,000 रुपये धरा. पहिल्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट! टोल आणि फेरीबोटीची तिकिटं वेगळ्या ओळीत लिहा, इंधनात मिसळू नका.

फेरीबोटीचा खर्च पाहून कोणी म्हणेल, खुष्कीने जाऊ. तेही मोजून पाहू. दापोलीहून खेड-चिपळूण करून गुहागर शंभराच्या वर जातं. दाभोळला बोट धरली तर पन्नासच्या आत. वाचले साठ धरा, म्हणजे 5 लिटर, म्हणजे 525 रुपये. गाडीचं तिकीट साधारण त्याहून कमीच पडतं, आणि खाडीतला वारा फुकट.

दुसरी लालूच गोव्याची. रेडीपासून हद्द जवळ आणि तिथे पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त. परतीच्या वाटेत पंप लागत असेल तर जरूर भरा. पण त्यासाठी मुद्दाम पन्नास किलोमीटर गेलात तर 4 लिटर, म्हणजे 420 रुपये जाळलेत. लिटरमागे 8 रुपये वाचले असं धरलं तरी 30 लिटरवर 240 च वाचतात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यातला प्रकार.

दोन-तीन नियम पाठ करा. खेड्यात पंप कमी, म्हणून टाकी अर्धी झाली की पुढच्या तालुक्याच्या गावी भरायची. काटा तळाला जायची वाट पाहायची नाही. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकीही भरलेली ठेवावी, रांगेत अर्धा दिवस जाऊ शकतो. भरताना मीटर शून्यावर आहे का पाहा. शंका आली तर पंपावर प्रमाणित पाच लिटरचं माप असतं, ते लावून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. आणि भाव 16 जून 2017 पासून देशभर रोज बदलू शकतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशीचा भाव घालून हिशेब पुन्हा करा.

आता ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलो, तो मुद्दा. समजा पाच गाड्या. तीन छोट्या, प्रत्येकी चार माणसं, प्रत्येकी 11,000. दोन मोठ्या, त्यांना 16,000 प्रत्येकी. गुडघेदुखीवाल्या ज्येष्ठांना पाय पसरता यावेत म्हणून मोठ्या गाडीतही चारच माणसं बसवली. एकूण 65,000 रुपये आणि 20 माणसं. प्रत्येक गाडीने आपापला हिशेब केला तर छोट्या गाडीतल्याला 2,750 पडतात आणि मोठ्या गाडीतल्या पेन्शनर माणसाला 4,000. म्हणजे ज्याचा गुडघा दुखतो त्यालाच दंड! सगळ्यांचं एक खातं केलं तर प्रत्येकी 3,250.

पण त्यातही एक अडचण आहे. गाडीमालकाचे टायर झिजणार, सर्व्हिसिंग त्याच्याच खिशातून होणार. म्हणून माझी सूचना अशी : मालकाने अर्धा हिस्सा द्यावा. मग पंधरा जणांचे पंधरा आणि पाच मालकांचे अडीच, असे साडेसतरा हिस्से होतात. पूर्ण हिस्सा सुमारे 3,700, अर्धा 1,850. हे मान्य नसेल तर दुसरं काही ठरवा, पण निघायच्या आधी ठरवा आणि लिहून नोटीस बोर्डावर लावा.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असं काहींना वाटेल. आपण शेजारी आहोत, वाटून घेऊ की! वाटून घेऊच. पण आपल्याकडे असेही सभासद आहेत, ज्यांच्याकडे गाडी नाही. कोणी एकट्या राहतात, कोणाची मुलं परदेशी. त्यांना आपण प्रेमाने म्हणतो, "काकू, तुम्ही बसा हो आमच्या गाडीत, पैशांचं काय!" पहिल्या दिवशी बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी काकू चहाचे पैसे द्यायला धावतात. पाचव्या दिवशी, गाडी जरा थांबवा, मला समुद्र बघायचा आहे, असं म्हणायलाही संकोचतात. आणि पुढच्या सहलीला, "नको रे, तब्येत बरी नाही," असं सांगून घरी राहतात. हिस्सा भरलेला माणूस खिडकी हक्काने मागतो. फुकट बसलेला मागत नाही.

सोसायटीत सेवा शुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं घेतो आणि पाण्याचं बिल नळांच्या संख्येवर. त्यावर पंचवीस वर्षं वार्षिक सभेत भांडलो, पण नियम लिहिलेला होता म्हणून भांडण सभेतच संपलं आणि दिवाळीचा फराळ एकमेकांकडे जातच राहिला. सहलीलाही तोच न्याय लावू.

ज्यांना 3,700 जड वाटतात, त्यांनी खजिनदारांना एकट्यात गाठावं. दरमहा थोडे थोडे जमा करायची सोय करता येईल, आणि ते नाव खजिनदारांच्या वहीबाहेर जाणार नाही, अशी विनंती मी कार्यकारिणीला जाहीरपणे करतो. गाडीवाल्यांनी पुढच्या पंधरा दिवसांत आपलं टाकी-ते-टाकी अ‍ॅव्हरेज मोजून कार्यालयातल्या वहीत लिहावं. कंपनीचा आकडा चालणार नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी आपलं नाव लिहावं आणि शेजारी, खिडकी डावीकडची हवी की उजवीकडची, तेही लिहावं. जाताना समुद्र उजव्या हाताला असतो, एवढं सांगून ठेवतो.