बघ्यांचा वर्ग

मधल्या सुटीची घंटा होते. मुले डबे घेऊन पटांगणाकडे धावतात. तिसरीतला एक मुलगा मात्र दप्तर आवरण्याचे निमित्त करून वर्गातच रेंगाळतो. वडिलांच्या बदलीमुळे तो महाराष्ट्रातून दिल्लीच्या शाळेत आला आहे. हिंदी बोलताना मध्येच एखादा मराठी शब्द त्याच्या तोंडून निसटतो. एवढ्यावरून वर्गातल्या एका दांडग्या मुलाने त्याला टोपणनाव ठेवले आहे. ते नाव रोज घेतले जाते आणि रोज भोवतालची पाचसहा मुले हसतात. घरी त्याचा डबा अर्धा परत येतो. सोमवारी सकाळी पोटात दुखते. आई ओवा देते, दुखणे थांबते. पण पुढच्या सोमवारी ते पुन्हा हजर असते.

असे मूल केवळ परप्रांतीच असते असे नाही. पुण्या-ठाण्याच्या शाळेत दुसरी भाषा घेऊन आलेल्या मुलाच्या वाट्यालाही हेच येते. कधी बोलण्यातला अडखळेपणा, कधी अंगाचा रंग वा बांधा, कधी वडिलांचा धंदा आणि कधी जात. निमित्त कोणतेही पुरते.

घरात हे कळले, तर दोन ठराविक उपदेश तयार असतात. एक, ‘लक्ष देऊ नकोस’. दुसरा, ‘तूही एक ठेवून दे.’ पहिल्याने मूल एकाकी पडते. दुसरा उपदेश तर अशक्य गोष्ट सांगतो. कारण उलट ठेवून देण्याची ताकद असती, तर त्या मुलाची निवड झालीच नसती. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि नॉर्वेत कार्य केलेले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी छळाची जी लक्षणे सांगितली, त्यांत हे मर्म आहे: दुखवण्याचा हेतू, पुनःपुन्हा होणारी कृती आणि दोन पक्षांच्या बळातील तफावत. १९८२च्या अखेरीस नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यांचे कारण असावे असे मानले गेले, आणि १९८३ साली त्या देशाने शाळांमधून देशव्यापी मोहीम हाती घेतली. तोवर ‘मुले आहेत, चालायचेच’ हेच उत्तर तेथेही प्रचलित होते.

ही लक्षणे सातआठ वर्षांच्या मुलाला समजतील अशा भाषेत सांगता येतात. दोघेही हसतात ती थट्टा. दोघेही रागावतात आणि दोघांनाही तोंड असते ते भांडण. एकच नेहमी रडतो आणि बाकीचे नेहमी हसतात, तो छळ. हा भेद कळला की ‘माझेच काही चुकत असेल’ हे मुलाच्या मनावरचे ओझे निम्मे उतरते.

दुसरा भेद ‘चहाडी’ या शब्दाचा. या एका शब्दाने मुलांची तोंडे जितकी बंद केली, तितकी छडीनेही केली नसतील. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी. कोणाचे दुःख थांबावे म्हणून सांगणे ही मदतीची हाक. हे मुलांना आधीच, काही घडण्यापूर्वी, सांगून ठेवले पाहिजे. आणि मूल सांगू लागले, की मोठ्यांनी हातातले काम बाजूला ठेवून ऐकले पाहिजे. पहिल्या वेळी ‘उगाच तक्रारी आणू नकोस’ असे उत्तर मिळाले, तर दुसरी वेळ बहुधा येत नाही.

परंतु या नाटकातले सर्वांत महत्त्वाचे पात्र ना दांडगा मुलगा, ना रडणारा. ते पात्र म्हणजे भोवती उभी असलेली मुले. फिनलंडच्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली दाखवून दिले की वर्गातील बहुतेक मुलांची या प्रकारात काही ना काही भूमिका असते: कोणी हाताशी असतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी दूर सरतो आणि कोणी बाजू घेतो. टोरांटोच्या प्राथमिक शाळांच्या क्रीडांगणांवर केलेले एक निरीक्षण २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात छळाच्या दर दहा प्रसंगांपैकी जवळजवळ नवांत इतर मुले हजर होती. मध्ये पडली ती सुमारे पाचांतून एकदा. मात्र ती मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

मध्ये पडणे म्हणजे मारामारी करणे नव्हे. न हसणे, त्या मुलाला आपल्याजवळ बोलावणे, बाईंना जाऊन सांगणे, हे भित्र्या मुलालाही जमते. फिनलंडमधील ‘किवा’ या उपक्रमात शिक्षक पीडित मुलाशी आणि छळणाऱ्यांशी वेगवेगळे बोलतात, आणि वर्गात मान असलेल्या दोनचार मुलांना पीडिताची सोबत करण्यास सांगतात. साऱ्या वर्गासमोर दोघांना हात मिळवायला लावण्यापेक्षा ही रीत शहाणपणाची आहे. दांडग्या मुलालाही ‘गुंड’ असे नाव ठेवू नये. नावे ठेवण्याचीच तर ती तक्रार आहे! कृत्य वाईट म्हणावे आणि सुधारण्याची वाट मोकळी ठेवावी. आणि शिक्षकच जर एखाद्याच्या उच्चारावर विनोद करीत असतील, तर वर्ग त्यांचाच कित्ता गिरवील. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याने शाळेत मुलाचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, ती काही उगाच नव्हे.

दिल्लीच्या त्या वर्गात उद्या पुन्हा मधली सुटी होईल. एखादी मुलगी दाराशी थांबून ‘चल, डबा खायला’ एवढेच म्हणेल, तर त्या मुलाचे सोमवारचे पोटदुखणे ओव्यावाचूनही थांबेल. ते तीन शब्द मुलांच्या ओठांवर आणून ठेवणे, हे घराचे आणि शाळेचे काम आहे.