झाडू, गटार आणि कृष्णधवल मुंबई

सुरतच्या गोडादरा-लिंबायत भागात घराघरांतून कुणी लूमवर जातं, कुणी साड्यांच्या मार्केटात. कष्टाची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. म्हणूनच आज मी सुधारक ओलवे यांच्याविषयी बोलणार आहे. जन्म अकोल्याचा, १९८८पासून मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार, २०१६ साली पद्मश्री. पण त्यांचं नाव झालं ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांच्या कृष्णधवल छायाचित्रांनी.

रस्त्यावरच्या छायाचित्रणाचं एक थोर घराणं आहे, आंरी कार्तिए-ब्रेसाँचं. छोटा लायका कॅमेरा, फ्लॅश नाही, समोरच्याला चाहूल लागण्याआधी बटण दाबायचं. १९६६ साली अहमदाबादेत उन्हात साड्या वाळत घालणाऱ्या बायका त्यांनी टिपल्या. ते चित्र पाहताना आजही भान हरपतं. ओलव्यांच्या चित्रांतही कुणी कॅमेऱ्यासाठी सजून उभं नाही. मात्र हा सहजपणा वेगळ्या वाटेनं येतो. कामगार गटारात उतरले तिथे ते गेले आणि त्यांच्या घरीही गेले. गळ्यापर्यंत घाणीत उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेऱ्याची दखलच नसते, कारण फोटो काढणारा त्याला परका राहिलेला नसतो. मला ही वाट अधिक अवघड वाटते.

आणि रंग का नाहीत? माझं मत सांगतो. रंगात कचरा फार रंगीत दिसतो. पिशव्या, वेष्टनं, चिंध्या डोळा ओढून घेतात आणि माणूस मागे राहतो. कृष्णधवलात त्या सगळ्याची राख होते. उरतात ते हातमोज्यांविना राबणारे हात आणि डोळे.

सुरतेला हा सफाईचा विषय फार जवळचा आहे. १९९४च्या सप्टेंबरात प्लेग आला, माणसं गाव सोडून पळाली. १९९५मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि शहराचा कायापालट झाला. त्यांचं नाव आपण आदरानं घेतो, घ्यायलाच हवं. पण त्या दिवसांत पहाटे गल्ली झाडणाऱ्यांपैकी एकाचा तरी चेहरा आठवतो का? ओलव्यांनी मुंबईला तो चेहरा पाहायला लावला. हातानं मैला उचलण्यावर बंदी घालणारा नवा कायदा २०१३चा. गटारात गुदमरून मरणं त्यानंतरही थांबलेलं नाही.

कष्टकऱ्यांचे चेहरे दाखवणारं काम आपल्याकडेही झालं आहे. दक्षिण गुजरातच्या मजुरांवर रवी अगरवाल यांची छायाचित्रं आणि यान ब्रेमन, अरविंद दास यांचं लेखन असलेलं ‘डाऊन अँड आउट’ हे पुस्तक २००० साली निघालं. ते जरूर पाहा. पण लूमच्या रात्रपाळीची आणि मार्केटात गठ्ठे वाहणाऱ्यांची चित्रं आता इथल्याच पोरापोरींनी काढावीत. मोबाइल हातात आहेच. आधी त्या माणसाजवळ बसा, त्याचं गाव विचारा, येत-जात राहा. फोटो त्यानंतर काढा, आणि छापून त्याची एक प्रत त्याच्या घरी पोचवा.