मान अवघडली तर आधी स्टूल बघा

औरंगपुऱ्यातून तुमची गट समन्वयक ताई बोलतेय.

२०२४ साली शाळेच्या गणवेशांची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आली. आमच्या गटानंही काम घेतलं. मुदत थोडी, कापडाचे गठ्ठे मोठे. रोज आठ-आठ तास मशीन चालायची. पंधरा दिवसांत आमच्या एका ताईच्या हातून कात्री सुटायला लागली. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. माझी मान धरली. सगळ्या म्हणायच्या, "काम म्हटलं की दुखणारच."

मग एक दिवस मी नुसती बसून बघत राहिले. आम्ही बसत होतो घरातल्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर. कोपरं मशीनच्या फळीच्या खाली राहायची, म्हणून खांदे दिवसभर वर उचललेले. कटिंग जमिनीवर, कंबरेत वाकून. दोष वयाचा नव्हता, बैठकीचा होता.

आम्ही काय केलं ते सांगते. स्टुलावर घडी घातलेली गोधडी ठेवली, कोपरं फळीच्या बरोबरीला आली. पाठ टेकायला खुर्ची मिळाली तर आणखी चांगलं. कटिंग कंबरेइतक्या उंच टेबलावर घेतलं. कात्रीला धार लावली, मशीनला तेल दिलं. म्हणजे हातापायाला जोर कमी लागतो. दर अर्ध्या तासानं उठायचं, पाणी प्यायचं, खांदे फिरवायचे. बोटं बधिर होणाऱ्या ताईला मात्र डॉक्टरकडे नेलं. रात्री मुंग्या येत असतील, पकड सैल होत असेल, तर तेल चोळत बसू नका. उशीर केला तर हातातली ताकद जाते.

उभ्यानं काम करणाऱ्यांना मधूनमधून बसायची सोय हवी, असं १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं. आपल्या ओसरीवर तपासायला कोणी येत नाही. तिथं नियम आपणच करायचा.

खरी अडचण पुढे आली. टेबल-खुर्चीचा खर्च कोणाचा? काहीजणी म्हणाल्या, ज्याचं त्यानं बघावं. मी विचारलं, "मशीनचं तेल, सुई, दोरा गटाच्या खर्चात लिहितो ना? मग मशीन चालवणारीची पाठ कोणाच्या खात्यात?" त्या बैठकीत ठराव झाला. आता नवं काम घेताना दर ठरवण्याआधी बैठकीचा खर्च धरतो.

येत्या बैठकीत एकेकीला मशीनवर बसवा आणि बाकीच्यांनी बाजूनं बघा. खांदे वर चढलेले दिसले, तर आधी स्टूल उंच करा.