आधी वकील मागा!

(डेव्हन ॲव्हेन्यूवर झालेल्या आपल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षानंतर, उन्हाळ्यात, मी एका ना-नफा संस्थेत इंटर्न होते. ही संस्था फौजदारी खटल्यांत अडकलेल्या गरीब लोकांना फुकट वकील देते. हे कळल्यावर आपल्या मंडळींकडून दोन प्रश्न हमखास आले. "पगार किती?" आणि "चोरांना कशाला गं सोडवायचं?" पहिल्याचं उत्तर आईबाबांना विचारा! दुसऱ्याचं मी देते.

इथे डेव्हनला कॅलिफोर्निया ॲव्हेन्यू छेदतो. आपण तो ओलांडून भाजी आणायला जातो. त्याच कॅलिफोर्नियावर, दक्षिणेला दहा-अकरा मैलांवर, सव्विसाव्या स्ट्रीटपाशी कुक काउंटीचं फौजदारी कोर्ट आहे आणि शेजारी जेल. त्या जेलमधल्या बहुतेकांचा खटला अजून चालायचा असतो, म्हणजे गुन्हा सिद्ध झालेला नसतो. पूर्वी जामिनाचे पैसे नाहीत म्हणून माणसं तिथे अडकून पडत. १८ सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉयने रोख जामीन पूर्ण बंद केला. असं करणारं हे पहिलंच राज्य.

इंटर्न म्हणजे काही वकील नव्हे, त्यामुळे सल्ला द्यायची मला परवानगी नव्हती. लोकांची हकिगत लिहून घ्यायची, पोलिसांचे रिपोर्ट वाचायचे, कोर्टाच्या तारखा कळवायच्या, जुनं रेकॉर्ड पुसण्याचे अर्ज भरायला मदत करायची. हे करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. केस बहुतेक वेळा कोर्टात बिघडत नाही, ती पोलीस ठाण्यातल्या पहिल्या काही तासांत बिघडते. "मी काही केलं नाही, मग बोलायला काय हरकत?" असं म्हणून माणूस बोलत सुटतो.

या बाबतीतला एक गाजलेला निकाल आपल्याच शिकागोतला आहे. डॅनी एस्कोबेडो हा तरुण ठाण्यात वकील मागत होता, वकील ठाण्यात येऊनही थांबला होता, पण दोघांची भेट होऊ दिली नाही. १९६४ साली सुप्रीम कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली. आपल्याकडेही १९८३ साली, शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांच्या छळाबद्दल लिहिलेल्या पत्रावरून, अटक झाली की जवळच्या कायदा मदत समितीला लगेच कळवा, असा आदेश भारताच्या सुप्रीम कोर्टाने दिला.

शिकागोत फर्स्ट डिफेन्स लीगल एड ही संस्था नव्वदच्या दशकापासून ठाण्यात फुकट वकील पाठवत आली. २०१७ पासून कुक काउंटीचे सरकारी पब्लिक डिफेंडरही ठाण्यात येतात. पण मागितल्याशिवाय कुणी येत नाही! इलिनॉयच्या कायद्याप्रमाणे ठाण्यात आणल्यापासून तीन तासांच्या आत वकिलाला आणि घरी फुकट फोन करू द्यावा लागतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. "एकदा गिल्टी म्हणून टाकू, दंड भरू आणि मोकळं होऊ," असं दुकानातल्या छोट्या चोरीच्या केसमध्ये पुष्कळांना वाटतं. इथे 'सुपरव्हिजन' मिळते, ती नीट पार पडली तर राज्याच्या कायद्यात दोषी ठरवलं जात नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र तीच कबुली दोष धरली जाऊ शकते, आणि नंतर रेकॉर्ड पुसलं तरी ती तिथे पुसली जात नाही. एच-वन असो, ग्रीन कार्ड असो वा शिकायला आलेला भाचा. म्हणून २०१० साली पाडिया खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कबुलीमुळे देशाबाहेर जावं लागण्याचा धोका असेल तर तो वकिलाने अशिलाला सांगितलाच पाहिजे. हा पाडिया ग्रीन कार्डवाला होता आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यात होता.

तर काका, "चोरांना" म्हणताना हे लक्षात ठेवा. चोर कोण हे ठरायच्या आधी जो उभा राहतो, तो वकील. ती रांग आपल्यापासून फार लांब नाही.

मुलांनो, मोबाईल काढून घेतात, म्हणून घरचा एक नंबर पाठ करा. आपलं नाव सांगा, हुज्जत घालू नका, पळू नका. मग स्पष्ट म्हणा, "मला वकील हवा," आणि तो येईपर्यंत गप्प बसा. आई-बाबांनो, फोन आला तर आधी "काय केलंस?" असं विचारू नका, कारण ठाण्यातला फोन रेकॉर्ड होत असू शकतो. विचारा, "कुठल्या ठाण्यात आहेस? वकील मागितलास का?" रागवायला पुढे आयुष्य पडलंय.