देशाटन आणि वास्तुविद्या

(विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला, त्यांत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेणारे काही विद्यार्थी आहेत. त्यांपैकी कोणी परदेशची नगरे अभ्यासण्यासाठी साहाय्य मागितले, तर ते आपल्या शिक्षण-निधीतून द्यावे काय, हा प्रश्न मंडळापुढे आहे. निधी शुल्कासाठी आहे, सहलीसाठी नव्हे, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. वर्गणीदारांच्या कष्टाचा पैसा जपून खर्चावा, ही त्यांची भूमिका आदरणीयच आहे. परंतु सहल निराळी आणि अभ्यासप्रवास निराळा. हे अंतर एका उदाहरणाने स्पष्ट करण्याची अनुज्ञा असावी.

चंडीगड नगराचे शिल्पकार ल कोर्बुझिए यांचे मूळ नाव शार्ल-एदुआर जानरे. १८८७ साली स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी त्यांचा जन्म झाला. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मीनाकाम करीत. मुलानेही प्रथम घड्याळांवरील कोरीव कामाचीच विद्या घेतली. लेप्लातनिए नामक गुरुजींनी त्यांना वास्तुकलेकडे वळविले. वास्तुशास्त्राची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. आपल्या आजच्या नियमांनी पाहिले, तर हा विद्यार्थी साहाय्यास अपात्रच ठरला असता!

विशीत पदार्पण करण्यापूर्वीच त्यांना एका घराचे काम मिळाले आणि त्या मिळकतीवर १९०७ साली ते इटलीस गेले. फ्लॉरेन्सनजीक गालुत्सो येथे तेव्हा कार्थुसी साधूंचा मठ होता. तेथे प्रत्येक साधूस स्वतंत्र लहानसे घर आणि स्वतःची बाग असून, ही सर्व घरे एका सामाईक ओवरीने जोडलेली होती. एकांतही होता आणि सहवासही होता. ही रचना त्या तरुणाच्या मनात खोल रुजली. पुढे १९५२ साली मार्सेय येथे त्यांची ३३७ सदनिकांची प्रचंड इमारत पूर्ण झाली. बहुतेक घरे दुमजली, प्रत्येकास सज्जा, मधल्या मजल्यावर दुकाने आणि गच्चीवर बालवाडी. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या मठाचे बीज तेथे अंकुरलेले दिसते.

त्यांचा मोठा प्रवास १९११ सालचा. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, तेथून डॅन्यूब नदीच्या मार्गाने बेलग्रेड, पुढे बल्गेरियातून इस्तंबूल, अथेन्स आणि परतताना पाँपेई व रोम. सोबतीस क्लिपश्टाइन नावाचा एक मित्र होता. इस्तंबूलमध्ये त्यांनी कित्येक आठवडे मुक्काम केला. भव्य दगडी मशिदी आणि भोवतालची साधी लाकडी घरे यांचे नाते न्याहाळले. अथेन्सला पार्थेनॉन पाहण्यास ते पुनःपुन्हा जात. कॅमेरा जवळ असूनही त्यांचा खरा भर रेखाटनवहीवर होता. चित्र काढताना डोळ्यास थांबावे लागते, मोजावे लागते आणि ही भिंत येथेच का, असा प्रश्न मनास विचारावा लागतो. या प्रवासाची वर्णने त्यांनी आपल्या गावच्या वृत्तपत्रासही पाठविली. त्यांचे पुस्तक मात्र १९६६ साली, त्यांच्या निधनाच्या दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाले.

कोणी म्हणेल, ते स्वतःच्या मिळकतीवर गेले. समाजाने भार का उचलावा? यास उत्तर आपल्याच प्रांतातील आहे. कोकणातील आचरे गावी १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे यांना १९४५ साली भारत सरकारने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे वॉल्टर ग्रोपिउस यांच्यापाशी अध्ययन करून ते मायदेशी परतले आणि कानपूरच्या आय.आय.टी.सारखी विद्यासंकुले त्यांच्या हातून उभी राहिली. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९५१ साली फ्रेंच भाषा येत नसताना पॅरिसला ल कोर्बुझिए यांच्या कार्यालयात दाखल झाले. आरंभीचे कित्येक महिने त्यांनी वेतनाविना काम केले. परत आल्यावर १९६२ साली त्यांनी अहमदाबादेत वास्तुविद्येची शाळा स्थापिली, इंदूरला अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी अरण्य ही वसाहत रचली आणि २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. परदेशी घेतलेली विद्या अशी व्याजासह परत येते.

तथापि साहाय्य अटींवाचून देऊ नये, असे माझेही मत आहे. मंडळापुढे तीन सूचना सादर करतो. पहिली, अर्जदाराने प्रथम आपल्याच गावचा एखादा वाडा, घाट किंवा देऊळ मोजून त्याचे नकाशे सादर करावेत. ज्याने घरचा चौक पाहिला नाही, त्याला रोमचा चौक काय दिसणार? दुसरी, निम्मा खर्च विद्यार्थ्याने स्वतः उभा करावा. तिसरी, परतल्यावर त्याने भरलेली रेखाटनवही घेऊन ज्ञातिबांधवांपुढे व्याख्यान द्यावे. मोबाईलवर टिपलेली शेकडो छायाचित्रे त्या वहीचे स्थान घेऊ शकणार नाहीत.

पालकहो, आपल्यातील अनेकांनी मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी कर्जे काढली आहेत. त्या मुलांना एवढेच लिहून कळवा, की परीक्षा संपताच खोलीत बसू नका. ज्या नगरात राहता, तेथील रस्ते, बाजार आणि घरे वही घेऊन पाहा. त्यासाठी कोणाच्याही मंजुरीची आवश्यकता नाही.

मंडळ या सूचनांचा सहृदयतेने विचार करील, अशी आशा व्यक्त करतो.