विधवेची फेरी आणि कोर्टाची फी
(बंदिवानांसाठीच्या प्रार्थनासभेत केलेले भाषण)



लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातील विधवा आपल्या ओळखीची आहे. न्याय मिळेपर्यंत ती न्यायाधीशाकडे येतच राहिली. तिसऱ्या फेरीनंतर शिपायाने तिला अडवून, “आधी पैसे भर, मग आत जा,” असे म्हटले असते तर?

अमेरिकेत कैद्यांसाठी जवळजवळ असाच कायदा आहे. तो १९९६ साली झाला. तिथे केंद्रीय जिल्हा न्यायालयात दावा लावायची फी ३५० डॉलर आहे. गरीब माणसाला ती माफ होऊ शकते. कैद्याला मात्र फक्त हप्ते मिळतात. त्याच्या खात्यात महिन्याला जे जमा होते, त्यातला पाचवा हिस्सा कापला जातो. दोन दावे असतील तर दोन हिस्से जातात. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तसेच ठरवले. शिवाय तुरुंगात असताना लावलेले तीन दावे किंवा अपिले निरर्थक, त्रासदायक किंवा कायद्यात न बसणारी म्हणून फेटाळली गेली, की हप्तेही बंद. मग पूर्ण फी आधी भरावी लागते. शरीराला गंभीर इजा होण्याचा धोका समोर उभा असेल, तरच सूट मिळते.

या कायद्याला कारण होते. कैद्यांचे हजारो दावे येत आणि त्यांत पोकळ दावेही असत. पोकळ दाव्यात न्यायाधीशाचा वेळ गेला, की खऱ्या पीडिताची तारीख लांबते. हे आपण मान्य केले पाहिजे.

पण पोकळ कशाला म्हणायचे? त्या काळी एका कैद्याची फार थट्टा झाली. हवे ते पीनट बटर मिळाले नाही म्हणून हा कोर्टात गेला, असे सांगितले जाई. न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी मूळ प्रकरण पाहिले. कैद्याने चुकीचा माल परत केला होता, तरी त्याच्या खात्यातले अडीच डॉलर त्याला मिळाले नव्हते. रक्कम लहान खरी, पण तक्रार खोटी नव्हती.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे. जो विनाकारण वारंवार दावे लावतो, त्याचे म्हणणे ऐकून उच्च न्यायालय त्याच्यावर बंधन घालू शकते. पुढचा दावा लावण्यापूर्वी त्याला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. हा नियम गरीब-श्रीमंत दोघांना सारखाच आहे. तिथे दाव्यातले तथ्य पाहिले जाते, खिसा नाही. मला हेच न्याय्य वाटते.

१९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीलाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिहारमधल्या सुनील बात्रा या कैद्याने सहकैद्याच्या छळाबद्दल लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले होते.

तरीही कोर्टाची भाषा न कळणारा आदिवासी बंदिवान वारंवार दावे लावण्याची गोष्ट दूरच, पहिला अर्जही करू शकत नाही. म्हणून तुरुंगभेटीला जाल तेव्हा फळे आणि प्रार्थनेबरोबर तीन प्रश्न न्या: वकील मिळाला का? पुढची तारीख ठाऊक आहे का? अर्ज लिहून हवा का? गरज दिसली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. १५१०० या क्रमांकावरही मदत मिळते.

विधवेला निदान दार ठाऊक होते. आपल्या बांधवांना ते दाखवावे लागेल.